पऱ्हाटी वेळेत काढा, मका जनावरांसाठी पेरा

यवतमाळ जिल्ह्यात मार्चच्या अखेरीस कोणत्याही गोठ्यात गेलात तर गव्हाणीत साधारण एकच चित्र दिसते. सोयाबीनचे नाहीतर तुरीचे कुटार, कोपऱ्यात सरकी ढेपेचे पोते, दुभती म्हैस असेल तर तिच्यासाठी घमेलेभर चुणी. हिरवा चारा नावालाही नसतो. विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्याच्या घरीसुद्धा नसतो, कारण त्या पाण्यावर फरदडीचा कापूस उभा असतो.

या गव्हाणीकडे नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. आपल्या जिल्ह्यात जनावरांसाठी प्रथिनांची कमतरता नाही. कापसाची सरकी, तुरीची चुणी आणि सोयाबीनची पेंड ही आपल्याच पिकांची उत्पादने आहेत आणि तिन्हींमध्ये प्रथिने भरपूर आहेत. कमी पडते ती ऊर्जा, म्हणजे पिष्टमय घटक, आणि कमी पडतो ओला चारा. ज्वारी होती तेव्हा ही उणीव जाणवत नव्हती. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा प्रसार झाला, तेव्हा माणसाला दाणा मिळे आणि बैलाला कडबा. पुढे कापूस आणि सोयाबीनने शिवार व्यापले, ज्वारी मागे पडली आणि कडब्याच्या गंज्या दिसेनाशा झाल्या. ती रिकामी जागा मका भरून काढू शकतो. मात्र मका एकटा देऊन चालत नाही. तो ढेपेच्या आणि कुटाराच्या जोडीनेच द्यायचा असतो, आणि बेताने. या लेखाचा सगळा भर त्यावर आहे.

मका आणि गुरे म्हटले की अनेकांना अमेरिकेचे फोटो आठवतात. तिथे नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा या राज्यांत मांसासाठीची जनावरे शेवटचे चार-सहा महिने मोठ्या आवारात मक्याच्या दाण्यावर वाढवतात. आपल्याकडे ते गणित लागू नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे, आणि किलोने दाणा खाऊ घालून जनावर लठ्ठ करणे छोट्या शेतकऱ्याला परवडणारेही नाही. पण त्याच नेब्रास्कात दुसरी एक पद्धत आहे, ती आपल्या जास्त कामाची. मका काढून झाला की त्या रानात गुरे सोडतात. ती पाला आणि पडलेली कणसे खातात, शेण तिथेच पडते आणि पुढच्या पिकाला खत होते. शेत जनावराला पोसते आणि जनावर शेताला, हे आपल्याला नवीन नाही. ते फक्त मोडीत निघाले आहे. म्हणून इथे मी दुभती गाय-म्हैस, ओढकामाचे बैल आणि बोकड यांच्यापुरतेच बोलणार आहे.

जागा आधी ठरवा

मक्यासाठी वेगळी जमीन शोधायची गरज नाही. पहिली आणि सर्वात चांगली जागा म्हणजे सोयाबीन निघालेले रान. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला मका फेब्रुवारीत मुरघासाला, म्हणजे हवाबंद आंबवून साठवायच्या चाऱ्याला, येतो. थंडीत वाढ सावकाश होते, पण पाणी कमी लागते आणि कणीस भरघोस भरते.

दुसरी जागा कापसाची. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्याचे काय केले हे सांगायला नको. तेव्हापासून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग दरवर्षी एकच सांगत आले आहेत: फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, म्हणजे अळीला खायला मिळणार नाही आणि तिचे चक्र तुटेल. याच सल्ल्यात आणखी एक भाग असतो, शेवटच्या वेचणीनंतर शेतात गुरे, शेळ्या-मेंढ्या चारा. उरलेली किडकी बोंडे त्यांच्या पोटात गेली की अळीही जाते. हा जनावर आणि पिकाचा थेट संबंध आहे आणि तो फुकट मिळतो. फक्त शेवटच्या फवारणीला किमान महिना उलटलेला असावा. फवारलेल्या शेतात किंवा त्याच्या धुऱ्यावर गुरे सोडू नका, तिथले गवतही कापून आणू नका. 2017 च्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने या जिल्ह्यातले शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला मारते, ते गाईला सोडत नाही, आणि थोड्या प्रमाणात पोटात गेले तर दुधावाटे घरच्या लेकरापर्यंत येते.

पऱ्हाटी काढून पेरायचे असेल तर जानेवारीचा पहिला पंधरवडा चुकवू नका. कारण साधे आहे. मक्याला तुरा आणि कणसाला केस येतात तेव्हा परागीभवन व्हावे लागते, आणि पारा चाळिशीपार गेला की परागकण वाळतात. मग ताट उभे दिसते, पण कणसात दाणे विरळ असतात. जानेवारीत पेरलेला मका मार्चच्या मध्यापर्यंत तुऱ्यात येतो आणि एप्रिलच्या झळा लागायच्या आत सावरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरायचा झाला तर तो मुरघासासाठी नको, रोज कापून घालायच्या हिरव्या चाऱ्यापुरता पेरा.

पाण्याचा हिशेब आधी करा. रब्बीत जमिनीप्रमाणे पाच-सहा पाळ्या, उन्हाळ्यात आठ-दहा. बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस या प्रकल्पांच्या लाभक्षेत्रात आवर्तनाच्या तारखा बघून पेरणी ठरवा. तुरा, केस आणि दाण्यात दूध भरण्याच्या काळात ताण पडला तर मुरघासातली ताकद निम्मी झाली असे समजा. कोरडवाहू शेतकऱ्याने खरिपातच एका कडेला पेरावा, पण भारी काळ्या जमिनीत मक्याच्या मुळाशी पाणी साचू देऊ नये. रुंद वरंब्यावर पेरणी केली तर ही अडचण सुटते.

वाणाबाबत एक गैरसमज आहे. चाऱ्याचा मका म्हणजे आफ्रिकन टॉल, असे समीकरण झाले आहे. हिरवा चारा कापून घालायचा असेल तर तो उत्तमच: एकरी 25 ते 30 किलो बियाणे, ओळींत एक फूट अंतर, साठ-सत्तर दिवसांत तुरा निघता निघता कापणी. पण मुरघासाच्या ताकदीचा जवळपास निम्मा भाग कणसात असतो, म्हणून मुरघासासाठी दाण्याचा चांगला संकरित वाण घ्या, दोन फुटांच्या ओळीत सहा-आठ इंचांवर, एकरी आठ ते दहा किलो. एकरी साधारण 50 किलो नत्र तीन हप्त्यांत, 25 किलो स्फुरद, 15 ते 20 किलो पालाश आणि जस्त कमी असेल तर आठ-दहा किलो झिंक सल्फेट द्या. हिरव्या चाऱ्यासाठी पेरणी असेल तर मक्याच्या दोन ओळींआड चवळीची एक ओळ टाका. चाऱ्यातली प्रथिने वाढतात आणि जमिनीला नत्र मिळते.

लष्करी अळी आणि रानडुक्कर

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिला पोग्यात गाठावे लागते. पेरणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवसापासून रोज सकाळी पोगे उघडून बघा. पानांवर खिडक्यांसारखे पांढरे चट्टे आणि पोग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की अळी आत आहे. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पोग्यात जाईल असा फवारा, मोठ्या अळ्या हाताने वेचा. रासायनिक औषध मारायची वेळ आलीच तर डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय एक ताटही कापू नका. हे पीक थेट जनावराच्या तोंडात जाणार आहे, हे कापसावर फवारणी करण्याची सवय असलेल्या हाताला मुद्दाम सांगावे लागते.

रानडुक्कर ही मात्र खरी अडचण आहे, आणि अनेकांनी मका सोडला तो तिच्यामुळेच. टिपेश्वरच्या आसपास, राळेगाव, पांढरकवडा, घाटंजी, झरी या भागांत दुधात आलेले कणीस म्हणजे डुकरांना आवतण. रात्रभर मचाणावर बसा, असा सल्ला मी देणार नाही. 2018 मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघिणीमुळे लोक कसे जगले, ते त्या गावांना माहीत आहे. वाढलेला मका वाघालाही लपायला जागा देतो. म्हणून मका जंगलाच्या कडेच्या वावरात नको, गावाजवळच्या किंवा घरामागच्या ओलितात पेरा. दोन-चार शेतकऱ्यांनी लागून पेरला तर सौर कुंपणाचा खर्च वाटला जातो. मुरघासाचा एक फायदा इथेही आहे: कणीस पिकण्याची वाट बघावी लागत नाही, पीक तीन आठवडे आधी शेताबाहेर निघते.

कणीस मोडून बघा

मुरघास कधी कापायचा हे दिवस मोजून ठरवू नका, कणीस मोडून ठरवा. शेताच्या कडेचे नको, आतल्या ओळीतले एक कणीस सोलून मधोमध मोडा. तुटलेल्या अर्ध्या भागातला दाणा निरखून बघा. वरचा भाग पिवळा आणि घट्ट, खालचा पांढरा आणि दुधाळ, आणि मध्ये एक स्पष्ट रेघ दिसेल. ही रेघ दाण्याच्या टोकाकडून देठाकडे उतरत जाते. ती निम्म्यावर आली की कापणीला सुरुवात करा, दोन तृतीयांश खाली गेली की संपवा. त्याआधी कापले तर चाऱ्यात पाणी फार, रस गळतो आणि आंबटपणा बिघडतो. उशीर झाला तर ताट वाळते, चारा नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते.

कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आसपास करा. नंतर मूठभर कुट्टी घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा आणि मूठ उघडा. गोळा सावकाश मोकळा झाला, तळहात ओलसर आहे पण बोटांतून पाणी ठिबकले नाही, तर ओलावा बरोबर आहे. पाणी ठिबकले तर एक दिवस थांबा. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला आहे. तेव्हा कुट्टी आणखी बारीक करा, हलके पाणी शिंपडा आणि दुप्पट दाबा.

खड्डा खोदायचा की नाही, यावर माझे मत स्पष्ट आहे. आपल्या काळ्या जमिनीत कच्चा खड्डा करू नका. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेतून हवा आणि पाणी दोन्ही शिरतात. मुरमाड उंचवट्यावर विटांचा पक्का हौद बांधा, नाहीतर जमिनीवरच जाड प्लास्टिक अंथरून ढीग करून वरून दुसरे प्लास्टिक ओढा. एक-दोन गाई असतील तर मुरघासाच्या पिशव्या सर्वात सोयीच्या. घनफुटाला साधारण 15 किलो मुरघास बसतो. म्हणजे दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल हौदात पावणेचार टनांच्या आसपास माल राहतो.

भरताना सगळे यश दाबण्यात आहे. अर्ध्या फुटाचा थर टाका, तुडवा, मग पुढचा. मोठ्या ढिगावर ट्रॅक्टर फिरवा. एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरून बंद करा. मक्यात स्वतःची साखर पुरेशी असते, त्यामुळे गूळ किंवा महागडी कल्चर पावडर घातलीच पाहिजे असे नाही. झाकल्यावर प्लास्टिकवर माती, जुने टायर, दगड, जे हाताशी असेल ते ठेवा. उंदीर आणि कुत्री प्लास्टिक फाडणार नाहीत याची रोज पाहणी करा. 45 दिवसांनी उघडा. पिवळसर हिरवा रंग आणि दह्यासारखा आंबूस वास म्हणजे माल जमला. काळा रंग, शेणासारखा वास किंवा पांढऱ्या-निळ्या बुरशीचा थर दिसला तर तो भाग उकिरड्यात टाका. गाभण जनावराला बुरशीचा मुरघास अजिबात नको. उघडल्यावर रोज सबंध तोंडावरून किमान सहा इंचांचा थर काढा. मधूनच उकरलेला ढीग आतून तापतो आणि आठवड्यात सडतो.

गव्हाणीत किती

आता मुख्य भाग. मका ऊर्जा देतो, पण त्याच्या दाण्यात प्रथिने नऊ टक्क्यांच्या आसपास असतात आणि मुरघासात (कोरड्या वजनावर) आठ टक्के. दूध तयार व्हायला हे पुरत नाही. सरकी ढेपेत साधारण 22 टक्के प्रथिने, सोयाबीनच्या तेल काढलेल्या पेंडीत 44 टक्के. म्हणून दोन्हींची सांगड घालायची.

दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या, चारशे किलोच्या संकरित गाईसाठी रोजचा आहार असा बसतो: मक्याचा मुरघास 15 किलो, सोयाबीन किंवा तुरीचे कुटार तीन किलो, लसूणघास किंवा चवळीचा हिरवा चारा पाच किलो, मक्याचा भरडा एक ते सव्वा किलो, सरकी ढेप दीड किलो, तुरीची चुणी पाऊण किलो, खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. हिरवा शेंगवर्गीय चारा नसेल तर ढेप अर्धा किलो वाढवा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, म्हणून तिला प्रत्येक दोन लिटर दुधामागे एक किलो खुराक धरा, गाईला अडीच लिटरमागे एक किलो. शरीर राखायचा किलो-दीड किलो वेगळा.

घरी खुराक तयार करायचा असेल तर शंभर किलोसाठी मक्याचा भरडा 35, सरकी ढेप 25, तुरीची चुणी 17, सोयाबीन पेंड 10, गव्हाचा कोंडा 10, खनिज मिश्रण दोन आणि मीठ एक किलो. यात साडेसतरा टक्के प्रथिने येतात. बाजारातल्या पोत्यावर आत काय आहे हे तुम्हाला दिसत नाही, इथे प्रत्येक वस्तू तुम्ही हाताने टाकता. मक्याचे पीठ करू नका, दाण्याचे चार-सहा तुकडे होतील एवढाच भरडा करा. तीन-चार महिन्यांच्या आतल्या वासराला आणि करडाला सरकी ढेप देऊ नका. सरकीतले गॉसिपॉल कोवळ्या जनावराला बाधते.

दाणा विकत घेऊन चारण्याआधी हिशेब करा. इथेनॉलच्या कारखान्यांमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढले आहे. 2024-25 साठी हमीभाव क्विंटलला 2,225 रुपये होता, 2025-26 साठी तो 2,400 केला गेला. म्हणून माझा सल्ला असा की दाणा शक्यतो विकत आणू नका, अख्खे ताट मुरघासाच्या रूपात घरीच पिकवा आणि भरडा फक्त दुभत्या जनावरापुरता ठेवा.

बैलाला मुरघासाची गरज नाही. नांगरट-वखरणीच्या आणि डवऱ्याच्या दिवसांत कडब्या-कुटाराबरोबर रोज एक किलो भरडा आणि अर्धा-एक किलो ढेप दिली की तो टिकतो. काम नसताना भरडा बंद करा. दाण्याचा मका काढला असेल तर त्याचे धांडे जाळू नका. कुट्टी करून शंभर किलोवर चार किलो युरिया 50 ते 60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून झाका आणि 21 दिवसांनी खायला द्या. युरियाचे खडे राहता कामा नयेत आणि सहा महिन्यांखालच्या वासराला हा चारा नको.

दाणा कधी घात करतो

जनावराच्या पोटातले जंतू हळूहळू नव्या चाऱ्याला सरावतात. कुटारावर जगलेली गाय रात्री दावे तोडून मक्याच्या पोत्यात तोंड घालते, तेव्हा काय होते ते प्रत्येक गावाने बघितले आहे. पिष्ट वेगाने आंबते, पोटात आम्ल तयार होते. सकाळी गाय रवंथ करत नाही, मान टाकून उभी राहते, डावी कूस हाताने हलवली तर आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो, पातळ आंबट वासाचे शेण पडते, चालताना तोल जातो. हे दिसताच उरलेला दाणा लगेच दूर करा, चाऱ्यात फक्त वाळलेले कुटार ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. खाण्याचा सोडा किती पाजायचा ते त्यांना फोनवर विचारूनच पाजा. उशीर झाला तर जनावर जाते. गाय वाचली तरी खुरात लंगडेपणा राहू शकतो.

हे टाळणे सोपे आहे. भरडा पाव किलोपासून सुरू करा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. दिवसाचा खुराक दोन-तीन वेळा विभागून द्या. आधी कुटार, मग खुराक. मुरघासही पहिल्या दिवशी तीन-चार किलो, मग दर दोन-तीन दिवसांनी वाढवत पंधरावर न्या. कुटार कधीही पूर्ण बंद करू नका. लांब धाग्याचा चारा कमी झाला की दुधाची फॅट उतरते, आणि संकलन केंद्रावर ती लगेच पैशात दिसते. धारेच्या तासभर आधी मुरघास घालू नका, दुधाला वास लागतो. मे महिन्याच्या उन्हात खुराक पहाटे आणि रात्री द्या, दुपारी फक्त पाणी आणि सावली.

दुसरा धोका बुरशीचा. पावसात भिजलेला, काळपट पडलेला मका स्वस्तात मिळतो म्हणून जनावरासाठी घेऊ नका. त्यातल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खराब करते आणि दुधात उतरते. दुधात त्याचे प्रमाण किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर असू नये असा भारतातला अन्न सुरक्षेचा नियम आहे. दाणा 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, म्हणजे दातांखाली कटकन फुटला पाहिजे, आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

तिसरा धोका ताणाचा. पाऊस लांबून मका सुकला आणि त्याआधी युरिया भरपूर टाकला असेल, तर ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठते. अशा शेतातला चारा लगेच कापून घालू नका. कोवळी किंवा सुकलेली ज्वारी खाऊन ज्या विषाने जनावर मरते, ते मक्यात नसते, पण म्हणून मका प्रत्येक अवस्थेत बिनधोक आहे असेही नाही.

बोकडासाठी

मांसासाठी जनावर वाढवण्याचा आपल्या जिल्ह्यातला खरा व्यवसाय बोकडाचा आहे. 15 ते 20 किलोच्या बोकडाला चरून आल्यावर रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक पुरतो. त्यात निम्मा मक्याचा भरडा, उरलेल्यात सोयाबीन पेंड आणि चुणी बरोबरीने, थोडा कोंडा, खनिज मिश्रण आणि मीठ. सोबत तुरीचे कुटार आणि झाडपाला हवाच. मक्यात स्फुरद जास्त आणि चुना कमी असतो, त्यामुळे नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या खस्सी बोकडाला मुतखडा होतो. शेंगवर्गीय कुटार आणि भरपूर पाणी त्यावर उत्तम. दाणा सुरू करण्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पावसाळ्याआधी ती दरवर्षी लागतेच. सणाच्या आधी महिनाभर मूठमूठ दाणा वाढवत नेऊन बोकड भरवणारे शेतकरी नफा कमावतात, आणि एकदम शेरभर दाणा टाकणारे एका रात्रीत धडधाकट बोकड गमावतात.

शेतातून नेलेले शेताला परत

मुरघासाचा एक हिशेब सहसा कोणी सांगत नाही. दाण्याच्या मक्यात धांडे शेतात किंवा शेताजवळ राहतात. मुरघासात अख्खे ताट शेताबाहेर जाते. एकरी 13 टन मुरघास निघाला तर त्याबरोबर पन्नासेक किलो नत्र आणि जवळपास तेवढेच पालाश जमिनीतून निघते. आपण पालाश टाकतो 15-20 किलो. काळ्या जमिनीत पालाशाचा साठा मोठा असतो, म्हणून चार-दोन वर्षे फरक दिसत नाही, नंतर दिसतो तेव्हा तो मक्यात नव्हे, पुढच्या कापसात दिसतो.

म्हणून गोठ्यातले शेण त्याच रानात परत गेले पाहिजे, दूरच्या वावरात नाही. सहज जमेल एवढे करा: गोठ्याला उताराची नाली काढून मूत्र एका टाकीत किंवा उकिरड्याच्या खड्ड्यात घ्या, कारण मुरघासातले बरेचसे पालाश मूत्रावाटे बाहेर पडते आणि ते जमिनीत मुरून वाया जाते. शेणखत सावलीत, खड्ड्यात, ओलसर ठेवून कुजवा. उघड्यावर मेभर वाळलेल्या शेणात नत्र फारसे उरत नाही. एकरी पाच टन कुजलेले खत पेरणीआधी पसरून लगेच वखरा. पऱ्हाटी जाळण्याऐवजी यंत्राने बारीक करून याच खड्ड्यात मिसळली तर खताचे आकारमानही वाढते. बोंडअळीने भरलेली पऱ्हाटी मात्र धुऱ्यावर रचून ठेवू नका.

एकदम मोठी उडी नको. या वर्षी सोयाबीन निघाल्यावर विहिरीजवळच्या पाव एकरात मका पेरा. वाण, माती परीक्षण आणि अळीबद्दल यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आहार बसवताना तालुक्याच्या पशुवैद्यकाला सोबत घ्या. पाव एकरातून सव्वातीन टनांच्या आसपास ओला माल येतो, नासाडी जाऊन पावणेतीन टन मुरघास हाती राहतो. 15 किलोप्रमाणे एका गाईला एप्रिलपासून पाच महिने सव्वादोन टनांच्या आसपास लागतो. राहिलेला तिच्या वासराला पुरतो.